अधिकृत ई-पुस्तकांची अनुपलब्धता आणि वाचकांचा अनधिकृत प्रतींकडे वाढता कल : मराठी ग्रंथव्यवहाराच्या संदर्भात

१. प्रस्तावना

संगणक, भ्रमणध्वनी आणि आंतरजाल यांच्या प्रसाराबरोबर वाचनाची साधने बदलली. छापील पुस्तकाच्या जोडीला ई-पुस्तक आले आणि त्याच वेगाने ई-पुस्तकाची अनधिकृत प्रतही आली. या अनधिकृत प्रतींच्या प्रसाराचा विचार करताना ‘वाचकाला फुकट हवे असते’ असे एकच कारण बहुधा पुढे केले जाते. ते काही अंशी खरे आहे. परंतु पुरेसे नाही. बाजारात सहज मिळणारे नवे पुस्तक पैसे वाचवण्यासाठी फुकट मिळवणारा वाचक आणि तीस वर्षांत पुनर्मुद्रण न झालेले पुस्तक अन्य कोठेच न मिळाल्याने त्याची चित्रप्रत उतरवून घेणारा वाचक, या दोघांना एकाच मापाने मोजता येत नाही.

प्रस्तुत लेखात यांपैकी दुसऱ्या वाचकाचा विचार केला आहे. अधिकृत प्रत उपलब्ध नसण्याची कारणे कोणती, ती मराठीच्या बाबतीत कशी प्रकट होतात, अनधिकृत प्रतीमुळे नेमके काय गमावले जाते आणि विद्यमान कायद्यात यातून बाहेर पडण्याच्या कोणत्या वाटा आहेत, हे स्पष्ट करणे हा या लेखाचा हेतू आहे.

२. ‘अनुपलब्धता’ या संकल्पनेचे स्वरूप

पुस्तक ‘मिळत नाही’ असे म्हणताना त्यात किमान चार वेगवेगळ्या अवस्था अंतर्भूत असतात. पहिली अवस्था म्हणजे पुस्तकाची आवृत्ती संपलेली असते व नवी निघालेली नसते. दुसरी, पुस्तक छापील स्वरूपात मिळते, परंतु त्याचे ई-पुस्तक काढलेलेच नसते. तिसरी, ई-पुस्तक निघालेले असते, परंतु ते विशिष्ट देशापुरते किंवा विशिष्ट उपकरणापुरते मर्यादित असते. चौथी, ते एकेकाळी मिळत होते, परंतु विक्रेत्याने ते काढून घेतलेले असते.

चौथ्या अवस्थेची उदाहरणे अलीकडची आहेत. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपले ई-पुस्तकांचे दालन बंद केले, तेव्हा ग्राहकांनी विकत घेतलेली पुस्तकेही त्यांच्या उपकरणांतून नाहीशी झाली. ग्राहकांना पैसे परत मिळाले, पुस्तके मात्र राहिली नाहीत. भारतात ॲमेझॉनने फेब्रुवारी २०२२ मध्ये वेस्टलँड ही आपली प्रकाशनसंस्था बंद करण्याचे जाहीर केले, तेव्हा तिची पुस्तके बाजारातून जाणार या धास्तीने वाचकांची खरेदीसाठी धावपळ झाली. पुढे प्रतिलिपीच्या साहाय्याने त्या संस्थेचे काम पुन्हा उभे राहिले. तथापि ई-पुस्तकाची खरेदी ही बहुतेक वेळा मालकी नसून वाचनाचा परवाना असतो, ही गोष्ट या घटनांनी स्पष्ट केली.

३. अन्य देशांतील अनुभव

अनुपलब्धता आणि अनधिकृत प्रत यांच्यातील संबंधाचे ठळक उदाहरण म्हणून ‘हॅरी पॉटर’ मालिकेकडे पाहता येते. या मालिकेचा सातवा व अखेरचा भाग जुलै २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. लेखिका जे. के. रोलिंग यांनी अधिकृत ई-पुस्तके मात्र मार्च २०१२ मध्ये प्रथम विक्रीस आणली. मधल्या काळात पडद्यावर वाचू इच्छिणाऱ्या वाचकासमोर पैसे देऊन घेण्याजोगी एकही ई-प्रत नव्हती. परंतु वाचकांनी स्वतः पाने टिपून तयार केलेल्या प्रती जगभर फिरत होत्या. हार्पर ली यांच्या ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ या कादंबरीचे अधिकृत ई-पुस्तक २०१४ मध्ये, तर जे. डी. सॅलिंजर यांच्या ‘द कॅचर इन द राय’चे २०१९ मध्ये निघाले. पुस्तके गाजलेली, मागणी मोठी, प्रकाशक समर्थ. तरीही ई-पुस्तक निघण्यास विलंब झाला. म्हणजेच अनुपलब्धता ही केवळ लहान भाषांची अडचण नाही.

अमेरिकेतील कायद्याचे अभ्यासक पॉल हील्ड यांनी ॲमेझॉनवर नव्या प्रतींच्या रूपात विकल्या जाणाऱ्या पुस्तकांचा नमुना घेऊन अभ्यास केला. १९८० च्या दशकातील पुस्तकांपेक्षा १८८० च्या दशकातील पुस्तके तेथे अधिक आढळली. कारण उघड आहे. शतकापूर्वीच्या पुस्तकांवरील स्वामित्वहक्क संपल्याने ती कोणीही छापू शकतो. अलीकडची पुस्तके मात्र हक्काखाली असतात आणि हक्कदार ती छापत नाही. अगदी नवे आणि अगदी जुने यांच्यामध्ये असा एक मोठा रिकामा पट्टा तयार होतो.

अमेरिकेतील समाजविज्ञान संशोधन परिषदेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, भारताचाही समावेश असलेल्या अहवालात विकसनशील देशांतील चाचेगिरीची कारणे चढ्या किमती, अल्प उत्पन्न आणि स्वस्त तंत्रज्ञान यांच्या एकत्र येण्यात शोधली आहेत. हा अभ्यास प्रामुख्याने चित्रपट, संगीत व संगणक प्रणाली यांविषयी असला, तरी अधिकृत पुरवठा अपुरा असेल तेथे अनधिकृत पुरवठा मूळ धरतो, हे त्याचे सूत्र पुस्तकांनाही लागू पडते.

४. मराठीतील अनुपलब्धतेची कारणे

४.१ स्वामित्वहक्काची मुदत

स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ मधील कलम २२ नुसार लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे हक्क टिकतो. पूर्वी ही मुदत ५० वर्षे होती. रवींद्रनाथ टागोर यांच्या साहित्यावरील हक्क संपत असताना १९९२ च्या दुरुस्तीने ती वाढवली गेली. साने गुरुजी १९५० मध्ये निवर्तले. त्यामुळे त्यांचे साहित्य १ जानेवारी २०११ पासून सर्वांना खुले झाले. बा. सी. मर्ढेकर यांचे साहित्य २०१७ च्या आरंभी खुले झाले. वि. स. खांडेकर यांच्या पुस्तकांबाबत ही तारीख १ जानेवारी २०३७, तर जी. ए. कुलकर्णी यांच्या बाबतीत १ जानेवारी २०४८ आहे.

ख्यातनाम लेखकांची पुस्तके हक्काखाली असली तरी पुनर्मुद्रित होत राहतात. खरी अडचण १९५० ते १९९० या काळातील मध्यम प्रसिद्धीच्या लेखकांची, प्रबंधांची, स्थानिक इतिहासांची, शाहिरी व लोकसाहित्याच्या संकलनांची आणि भाषांतरांची आहे. ही पुस्तके छापण्याइतकी खपत नाहीत आणि मोफत करण्याइतकी जुनीही नाहीत. हील्ड यांना आढळलेला रिकामा पट्टा मराठीत नेमका येथे दिसतो.

४.२ करारपत्रांतील मौन व वारसांचा प्रश्न

जुन्या मराठी करारपत्रांत ई-पुस्तकाचा उल्लेख असणे शक्यच नव्हते. छापील पुस्तकाचा हक्क घेतला म्हणजे ई-पुस्तकाचाही हक्क आपोआप मिळाला काय, हा प्रश्न अमेरिकेत रँडम हाउस विरुद्ध रोझेटा बुक्स या खटल्यात उपस्थित झाला. न्यायालयाने २००१ मध्ये प्रकाशकाची मनाई हुकुमाची मागणी फेटाळली; ‘पुस्तकरूपाने’ छापण्याच्या परवान्यात ई-पुस्तक येत नाही, असा त्यामागील विचार होता. भारतात २०१२ च्या दुरुस्तीने कलम १८ मध्ये हेच तत्त्व आले. कराराच्या वेळी जे माध्यम अस्तित्वात नव्हते किंवा व्यापारी वापरात नव्हते, त्याचा करारात स्पष्ट उल्लेख नसेल तर त्या माध्यमाचे हक्क हस्तांतरित झाले असे मानले जात नाही.

लेखकाच्या दृष्टीने ही तरतूद न्याय्य आहे. परंतु तिचा व्यावहारिक परिणाम असा की, जुन्या पुस्तकाचे ई-पुस्तक काढायचे तर प्रकाशकाला लेखकाकडे किंवा त्याच्या वारसांकडे नव्याने जावे लागते. वारस अनेक, विखुरलेले आणि पुष्कळदा आपल्याकडे असा काही हक्क आहे याविषयीच अनभिज्ञ असतात. ज्या पुस्तकाचा हक्कदार शोधूनही सापडत नाही, त्याला ‘अनाथ’ ग्रंथ म्हणतात. दिवाळी अंकांच्या बाबतीत हा गुंता अधिकच वाढतो. का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’च्या १९०९ च्या अंकापासून सुरू झालेल्या या परंपरेतील बहुतेक अंक एका हंगामापुरते विक्रीस असतात. जुना अंक पुन्हा काढायचा तर त्यातील कथाकार, कवी, लेखक, चित्रकार अशा अनेकांची स्वतंत्र परवानगी लागू शकते. परिणामी अंक पुन्हा निघत नाही आणि त्याची छायाचित्रे मात्र समूहांतून फिरत राहतात.

४.३ मुद्रणतंत्रातील अडचणी

खिळे जुळवून छापलेल्या पुस्तकांची संगणकीय धारिका अस्तित्वात नसते. १९९० नंतर डीटीपी आले. परंतु ती अक्षरजुळणी युनिकोडपूर्व, खाजगी संकेतप्रणालीच्या अक्षरसंचांत झाली. असा मजकूर युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरे, रफार व ऱ्हस्व वेलांटी यांची मोडतोड होते आणि सबंध पुस्तकाचे मुद्रितशोधन नव्याने करावे लागते. पानांच्या चित्रांवरून यंत्राने अक्षरे ओळखण्याचे तंत्र सुधारले असले, तरी जुन्या, पुसट छपाईत चुका उरतातच.

मोठ्या विक्रेत्यांनी मराठीची दखलही उशिरा घेतली. ॲमेझॉनच्या किंडलवर मराठीसह पाच भारतीय भाषांतील पुस्तकांचे दालन २०१६ च्या अखेरीस सुरू झाले. म्हणजे वाचकांच्या हाती वाचनाची उपकरणे आली तेव्हा मराठीचे अधिकृत दुकान अद्याप पुरते उघडलेले नव्हते. वाचकांच्या सवयी मात्र त्या काळात घडून गेल्या.

४.४ अर्थकारण

मराठीत सामान्यतः आवृत्ती हजाराच्या आसपास, आता अनेकदा त्याहून कमी प्रतींची निघते. एवढ्या खपात जुन्या पुस्तकाची पुनर्जुळणी, मुद्रितशोधन आणि हक्कदारांचा शोध यांचा खर्च निघेलच याची शाश्वती नसते. करआकारणीनेही आरंभी ई-पुस्तकाला साथ दिली नाही. छापील पुस्तक वस्तू व सेवा करातून मुक्त असताना ई-पुस्तकावर २०१७ मध्ये १८ टक्के कर होता. छापील आवृत्ती असलेल्या ई-पुस्तकांसाठी तो जुलै २०१८ मध्ये ५ टक्क्यांवर आणला गेला.

५. वाचकाच्या बाजूने

पैसे देण्याची तयारी असूनही अनधिकृत प्रत घ्यावी लागणाऱ्या वाचकांचे तीन वर्ग विशेष लक्षात घ्यावे लागतात. पहिला वर्ग तालुक्याच्या ठिकाणी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचा व संशोधकांचा. संदर्भसूचीत नाव दिसते. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात पुस्तक नसते. ग्रंथ प्रदान अधिनियम, १९५४ नुसार प्रकाशकाने कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील नियत ग्रंथालये यांना प्रत पाठवणे बंधनकारक आहे. प्रत कोठेतरी असते. परंतु ती पाहण्यासाठी शेकडो किलोमीटरचा प्रवास, राहण्याचा खर्च आणि प्रवेशाची परवानगी लागते.

दुसरा वर्ग महाराष्ट्राबाहेर व परदेशांत राहणाऱ्या मराठी भाषकांचा. त्यांच्या बाबतीत टपालखर्च पुष्कळदा पुस्तकाच्या किमतीहून अधिक होतो आणि ई-पुस्तक नसेल तर वाचनच थांबते.

तिसरा वर्ग दृष्टिबाधित वाचकांचा. दुकानात पुस्तक रचून ठेवलेले असले तरी त्यांच्या लेखी ते अनुपलब्धच असते. या अन्यायाची दखल कायद्याने घेतली आहे. २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग व्यक्तींसाठी सुलभ स्वरूपात प्रत तयार करण्यास मुभा दिली. भारताने २०१४ मध्ये मराकेश कराराला सर्वप्रथम अनुसमर्थन दिले आणि २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हा उपक्रम सुरू झाला. जे कृत्य इतरांच्या बाबतीत उल्लंघन ठरते, तेच येथे वैध ठरते. पुस्तकापर्यंत पोहोचण्याची अशक्यता हा कायद्याच्या दृष्टीनेही विचारात घेण्याजोगा मुद्दा आहे, हे यावरून सिद्ध होते.

६. अनधिकृत प्रतीची खरी किंमत

वाचकाची अडचण समजून घेणे म्हणजे अनधिकृत प्रतीचे समर्थन करणे नव्हे. कलम ६३ अन्वये हेतुपुरस्सर उल्लंघनासाठी सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड अशी शिक्षा आहे. त्याहून महत्त्वाची हानी ग्रंथव्यवहाराची आहे, आणि ती तीन प्रकारची आहे.

पहिली हानी संहितेची. घाईने टिपलेल्या प्रतीत पाने गळतात, समासातील मजकूर कापला जातो आणि मुद्रणपृष्ठ वगळलेले असते. आवृत्ती कोणती, साल कोणते, प्रस्तावना कोणाची, हे न कळल्याने अशी प्रत संशोधनात प्रमाण मानता येत नाही. दुर्मिळ पुस्तकाची तीच एक प्रत सर्वत्र फिरू लागली म्हणजे तिच्यातील त्रुटी हीच पुढच्या पिढीची संहिता होऊन बसते.

दुसरी हानी सवयीची. दुर्मिळ पुस्तक मिळवण्यासाठी ज्या समूहात वाचक शिरतो, तेथेच गेल्या महिन्यात प्रसिद्ध झालेली पुस्तकेही ठेवलेली असतात. नाइलाजाने सुरू झालेली रीत सोयीची होते आणि तिचा फटका हजार प्रतींच्या आवृत्तीवर जगणाऱ्या लेखक-प्रकाशकांना बसतो.

तिसरी हानी सर्वांत कमी दिसणारी, पण सर्वांत खोल आहे. दुकानात विचारलेल्या पुस्तकाची नोंद होऊ शकते. ग्रंथालयात केलेल्या मागणीची वही असते. अनधिकृत प्रत उतरवून घेतल्याची खूण मात्र प्रकाशकापर्यंत पोहोचत नाही. पुस्तक शेकडो जण वाचतात आणि प्रकाशकाच्या दप्तरी त्याची मागणी शून्य दिसते. मागणी नाही म्हणून पुनर्मुद्रण नाही. पुनर्मुद्रण नाही म्हणून अनधिकृत प्रत. आणि अनधिकृत प्रत आहे म्हणून मागणी दिसत नाही. अनुपलब्धता आणि अनधिकृत प्रत या दोन गोष्टी अशा रीतीने एकमेकींना पोसत राहतात.

७. कायद्यातील उपलब्ध वाटा

हे चक्र केवळ बंदीने थांबत नाही. एक संकेतस्थळ बंद केले तरी तोच संग्रह दुसऱ्या पत्त्यावर उघडतो, हा जगभरचा अनुभव आहे. उलट, विद्यमान कायद्यातच काही तरतुदी अशा आहेत की ज्यांचा पुरेसा वापर झाल्यास वैध प्रती वाढू शकतात.

(अ) कलम ५२ (१) (ओ) नुसार भारतात विक्रीस उपलब्ध नसलेल्या पुस्तकाच्या तीनपर्यंत प्रती अव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःच्या वापरासाठी करता येतात. कलम ५२ (१) (एन) नुसार संग्रही असलेल्या पुस्तकाची जतनासाठी संगणकीय प्रत ठेवता येते. या प्रती आंतरजालावर सर्वांसाठी ठेवण्याची मुभा मात्र यात नाही.

(आ) कलम ५२ (१) (ए) नुसार खाजगी वापर, संशोधन, टीका व परीक्षण यांसाठी रास्त वापराची मुभा आहे. अध्यापनाच्या ओघात शिक्षक व विद्यार्थी यांनी केलेल्या प्रतींना दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या छायाप्रतींच्या खटल्यात व्यापक अर्थाने मान्यता दिली.

(इ) हक्कदाराने पुनर्मुद्रणास नकार दिल्याने पुस्तक लोकांपासून दूर राहिले असेल तर कलम ३१ अन्वये, आणि लेखक मृत, अज्ञात किंवा न सापडणारा असेल तर कलम ३१-अ अन्वये सक्तीचा परवाना मागता येतो. २०२१ च्या न्यायाधिकरण सुधारणा अधिनियमानंतर हे अधिकार वाणिज्यिक न्यायालयांकडे आले आहेत. वृत्तपत्रातील जाहिरात, अर्ज, शुल्क व न्यायालयीन प्रक्रिया पाहता पाचशे प्रतींच्या पुस्तकासाठी लहान प्रकाशक हा मार्ग सहसा पत्करत नाही. तरतूद आहे, पण ती पुस्तकापेक्षा महाग पडते.

८. उपलब्धता वाढवण्याचे प्रयत्न

अधिकृत प्रत मोफत व विश्वसनीय असेल तर वाचकाला अनधिकृत प्रतीची गरज उरत नाही, याची उदाहरणे महाराष्ट्रातही आहेत. मराठी विश्वकोश आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक प्रकाशने आंतरजालावर विनामूल्य वाचता येतात. राज्य शासनाने १९७९ पासून प्रकाशित केलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या लेखन व भाषणांचे खंड हे आणखी बोलके उदाहरण होय. या खंडांना सतत मागणी असताना छपाई रखडल्याच्या वृत्ताची मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्वतःहून दखल घेतली. छापील प्रतींची टंचाई असली तरी इंग्रजी खंडांच्या अधिकृत संगणकीय प्रती शासकीय संकेतस्थळांवर असल्याने अभ्यासकाची वाट पूर्णतः अडली नाही.

नॉर्वेचे राष्ट्रीय ग्रंथालय याहून पुढे गेले. तेथे हक्कदारांच्या संघटनेशी सामूहिक करार करून, तिला मोबदला देऊन, विसाव्या शतकातील नॉर्वेत प्रकाशित पुस्तके देशातील वाचकांसाठी आंतरजालावर खुली करण्यात आली. लेखकाला मोबदला मिळतो, वाचकाला पुस्तक मिळते आणि प्रत्येक वारसाचा स्वतंत्र शोध घ्यावा लागत नाही. नॉर्वेजियन बोलणाऱ्यांची संख्या मराठी भाषकांच्या तुलनेत कितीतरी कमी आहे, हे लक्षात घेतले तर ‘लहान बाजारपेठ’ हे अंतिम उत्तर ठरू शकत नाही.

मराठीसाठी या दिशेने काही पावले सुचवता येतील. विक्रीस नसलेल्या पुस्तकांची एक सार्वजनिक सूची असावी आणि तीत वाचकांची मागणी नोंदवली जावी, जेणेकरून आज अदृश्य असलेली मागणी प्रकाशकाला दिसेल. नव्या करारपत्रांत ई-पुस्तकाचा स्वतंत्र उल्लेख असावा आणि ठरावीक मुदतीत पुस्तक उपलब्ध न ठेवल्यास हक्क लेखकाकडे परत जावेत. लेखकांनी आपल्या हयातीतच हक्कांविषयी लेखी व्यवस्था करून ठेवावी. ग्रंथालयांनी कलम ५२ मधील सवलतींचा वापर करून दुर्मिळ पुस्तकांच्या शुद्ध, मुद्रणपृष्ठासह पूर्ण प्रती कराव्यात. स्वामित्वहक्क संपलेल्या लेखकांची वर्षवार यादी विद्यापीठांच्या मराठी विभागांना सहज प्रसिद्ध करता येईल.

९. निष्कर्ष

अनधिकृत ई-पुस्तकाकडे वळणाऱ्या प्रत्येक वाचकाचा हेतू सारखा नसतो. ज्याला पुस्तक विकत मिळत असूनही ते फुकट हवे आहे, त्याच्या बाबतीत कायद्याचा धाक व वाचनसंस्काराची जाणीव हे उपाय योग्य होत. ज्याला ते कोणत्याही किमतीला मिळतच नाही, त्याच्या बाबतीत हे दोन्ही उपाय निष्फळ ठरतात. कारण त्याने टाळलेला असा कोणताही अधिकृत मार्ग मुळात अस्तित्वातच नसतो. मराठीत हक्काची दीर्घ मुदत, करारपत्रांतील मौन, विखुरलेले वारस, जुन्या जुळणीचे तंत्र आणि लहान आवृत्त्या यांमुळे असा वाचक मोठ्या प्रमाणात निर्माण होतो.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. अभिजातपणाचा पुरावा म्हणून जे ग्रंथ दाखवले जातात ते जतन होतील; परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील हजारो साधी, उपयुक्त पुस्तके आज त्रुटित चित्रप्रतींच्या आधाराने तगून आहेत. त्यांचे पुढील अस्तित्व कोणा अनोळखी वाचकाच्या भ्रमणध्वनीतील धारिकेवर सोपवायचे की अधिकृत, शुद्ध व परवडणाऱ्या प्रतींवर, याचा निर्णय लेखक, वारस, प्रकाशक, ग्रंथालये आणि शासन यांनी मिळून करावयाचा आहे.